शिंप्याने छाटलेली टाकी

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता शिंप्याने काचेच्या टाकीतली सगळी झाडं एका उंचीला कापली. काम अकरा मिनिटांत झालं. आधी त्याने पुढच्या काचेवर खडूने आडवी रेघ मारली आणि पट्टी लावून तपासली. तळापासून बावीस सेंटीमीटर भरली. मग बाह्या कोपराच्या वर सारल्या, रेशमाची कात्री घेतली आणि डावीकडून उजवीकडे कापत गेला. टाकीत सहा मासे होते. ते उजव्या कोपऱ्यात जमा झाले.

तरंगणारे तुकडे त्याने गाळणीने काढले, हात पुसले, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि बायकोला हाक मारली.

"बघ, आता कशी दिसते."

बायको आतल्या मशीनवर काजं करत होती. तिने तिथूनच मान बाहेर काढली.

"पडद्याच्या झालरीसारखी," ती म्हणाली.

शिंप्याला ती स्तुती वाटली.

टाकी त्याची नव्हती. ती त्याच्या थोरल्या बहिणीची होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बहीण आठ आठवडे मुलीकडे राहणार होती. मुलीकडे जागा लहान आणि मांजर मोठं, म्हणून चाळीस लिटरची टाकी भावाच्या दुकानात, कापायच्या टेबलाशेजारच्या खिडकीत आली. इथवर प्रकरण साधं आहे. त्याच्या आधीचं साधं नाही.

चार वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात जावयाचा कोट शिंप्याने शिवला होता. लग्नाच्या हॉलमध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं की डावी बाही उजवीपेक्षा दोन सेंटीमीटर आखूड आहे. शिंप्याचं म्हणणं, कोट बरोबर आहे, जावयाचा डावा हातच आखूड आहे. हे त्याने व्याही-विहिणींसमोर, खिशातून टेप काढून, जावयाला भिंतीला टेकवून सिद्ध करून दाखवलं. मोजमाप बरोबर निघालं. त्या संध्याकाळपासून बहीण त्याच्याशी बोलली नाही.

चार वर्षांनी तिचा फोन आला. पहिलंच वाक्य होतं, "तुझ्या दुकानाची खिडकी उत्तरेला आहे ना, थेट ऊन न येणारी?"

त्याने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तो बायकोला म्हणाला, "ताईने मला विचारलं."

"खिडकीचं विचारलं," बायको म्हणाली.

"खिडकी कोणाची आहे?"

त्या आठवड्यात त्याने खिडकीची काच तीनदा पुसली. टाकी नीट सांभाळली तर ताई पुन्हा बोलायला लागेल, असं त्याने कोणाला बोलून दाखवलं नाही. बायकोला सांगण्याची गरज नव्हती.

बहीण एकतीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासत होती. टाकीबरोबर तिने एक कागद दिला. पाणी: दर रविवारी चौथा हिस्सा बदलणे, नवीन पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवणे. दिवा: सात तास. खाणं: दिवसातून एकदा, चिमूटभर, चिमूट माझी धरावी, तुझी नव्हे. सर्वांत खाली लिहिलं होतं: शंका आल्यास विचारणे, अंदाज करू नये.

छाटणीबद्दल कागदावर काही नव्हतं. शिंप्याला शंका आली नाही, म्हणून त्याने विचारलं नाही.

टाकीत तीन प्रकारची झाडं होती. मागच्या बाजूला फितीसारखी लांब, अरुंद पानं. पाण्याच्या वर पोचून ती आडवी पडली होती, आणि कुठलंच पान दुसऱ्याइतकं नव्हतं. मध्ये एका लाकडावर शेवाळासारखं मऊ मॉस. पुढे बुटकी, तपकिरी-हिरव्या पानांची अकरा रोपं, ज्यांना जाणकार क्रिप्ट म्हणतात. ही अकरा रोपं कशीही, दाटीवाटीने उगवलेली होती. टाकी टेबलाच्या इतकी जवळ होती की दिवसभर मान वर केली की शिंप्याला तेच दिसायचं. पाचव्या आठवड्यात, एका शनिवारी दुपारी, त्याने क्रिप्टची अकराही रोपं उपटली आणि बटणं लावतात तशी, चार-चार सेंटीमीटरवर, एका ओळीत लावली. पुढच्या मंगळवारी त्याने मागची उंची सारखी केली. त्याच्या नजरेने टाकी आता पूर्ण झाली होती.

शुक्रवारी कापलेल्या पानांची टोकं तपकिरी झाली. शनिवारी क्रिप्टची पानं आधी काचेसारखी पारदर्शक झाली, मग बोट लावताच पाण्यात सुटली. रविवारी सकाळी अकरा वाजता, दर रविवारप्रमाणे, बहिणीचा फोन आला.

"पाणी बदललंस?"

"हो."

"मासे?"

"सहा."

"झाडं?"

"आहेत."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिचे फोन एवढेच असायचे. चौकशीला ती बोलणं मानत नसे. शिंपी मानत असे.

सोमवारी तो माशांच्या दुकानात गेला. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण लोक त्याच्याकडे आजारी मासे पिशवीत घालून आणतात. शिंप्याने ओल्या रुमालात गुंडाळून दोन पानं नेली होती.

"हे काय?" डॉक्टरने विचारलं.

"पान."

"पान होतं. हे लांबवालं कापलंत कशाने?"

"कात्रीने. एका लेव्हलला."

"मास्तर, हे पान वाढतं कुठून?"

"वरून."

"बुडातून. आपल्या केसासारखं. मध्ये कापलं की कापलेली कड भरून येत नाही, कुजत खाली येते. छाटायचं तर अख्खं पान बुडातून काढायचं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कोणाला विचारलंत?"

शिंपी शेजारच्या टाकीतल्या गोगलगाईकडे बघत राहिला. मग त्याने दुसरं पान पुढे केलं. "आणि हे. याला मी कात्री लावलेली नाही."

"मग काय लावलंत?"

"रोपं ओळीत लावली. चार-चार सेंटीमीटरवर."

डॉक्टरने हातातली जाळी खाली ठेवली. "किती रोपं?"

"अकरा."

"अकराच्या अकरा उपटलीत?"

"त्याशिवाय ओळ सरळ येत नाही."

डॉक्टरने स्टूल ओढून घेतलं. "ऐका. क्रिप्टला जागा बदललेली सोसत नाही. उपटलं, की पानं विरघळतात. सगळी. चहात साखर विरघळते तशी."

"मरतात?"

"पानं मरतात. रोप मरतंच असं नाही. मुळं शाबूत असली तर नवं पान काढतं. तीन आठवडे लागतात, कधी पाच. तोवर हात लावायचा नाही. लोक काय करतात, रोज उकरून बघतात मुळं आहेत का. मग खरंच राहत नाहीत."

"अठरा दिवसांत येतील?"

"अठरा दिवसांनी काय आहे?"

"ताई येणार आहे. टाकी तिची आहे."

"मग तिला सांगा."

"दुसरं काही?"

डॉक्टरने मांडणीवरच्या जाळीच्या छोट्या कुंड्या दाखवल्या. क्रिप्टच होतं, तजेलदार आणि एकसारखं. शिंप्याला ती रोपं पाहताक्षणी आवडली.

"विकायला माझी ना नाही," डॉक्टर म्हणाला. "पण ही पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली आहेत. पाण्यात गेली की यांचीही पानं गळणार आणि मग पाण्यातली नवी येणार. आठवडाभर मात्र झकास दिसतील. झाड घेताना पान नाही बघायचं, मास्तर, कुठे वाढलंय ते विचारायचं आणि मूळ बघायचं. तुमची ताई नवखी आहे का?"

"प्रयोगशाळेत होती. एकतीस वर्षं."

"मग तिला दारातूनच कळेल."

त्याने शिंप्याला फक्त एक ओंजळभर तरंगतं झाड दिलं. पानं कुजून पाण्यात उतरणारी घाण ते शोषून घेतं आणि काहीही केलं तरी वाढतं, असं तो म्हणाला. दिवा सातावरून पाच तासांवर आणायचा आणि पाणी आठवड्याऐवजी दर तिसऱ्या दिवशी बदलायचं, नाहीतर मासेही जातील.

"हे तरंगणारं सरळ करावं लागत नाही ना?" शिंप्याने विचारलं.

"करता आलं तर मला बोलवा. मी बघायला येईन."

पुढचे दिवस शिंप्याने सांगितलं तेवढंच केलं. मागची कापलेली पानं एकेक करून बुडातून काढली. विरघळलेली पानं चिमट्याने उचलली. तिसऱ्या दिवशी, सहाव्या दिवशी, नवव्या दिवशी पाणी बदललं. दोन आठवड्यांत टाकीच्या पुढच्या भागात खडीशिवाय काही उरलं नाही.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "यात पूर्वी झाडं होती ना?"

"अजून आहेत," शिंपी म्हणाला. "खाली."

हात स्वस्थ बसत नव्हते. लाकडावरचं मॉस एका बाजूने सुटलं होतं. ते त्याने सुती दोऱ्याने, दोऱ्याचे तीन हिरवे रंग लावून बघून, चौथ्याने बांधलं. गाठ लाकडाच्या मागच्या बाजूला घेतली. याखेरीज त्याने कशालाही हात लावला नाही. रविवारचे दोन फोन आले. पाणी बदललंस? हो. मासे? सहा. झाडं? आहेत. या उत्तरांत खोटं काही नव्हतं.

बुधवारी बायको बाजारातून झाकलेली बादली घेऊन आली. आत अकरा कुंड्या होत्या.

"हे कोणी सांगितलं आणायला?"

"कोणी नाही. उद्या सकाळी लावा. परवा वन्सं येतील, झाडं बघतील, टाकी घरी नेतील. चार दिवसांनी तिथे पानं गळली तर गळली. टाकी हलवल्यामुळे गळली म्हणता येईल. आणि ते खोटंही नाही, हलवल्यावर गळतातच म्हणे."

शिंप्याने या योजनेत खोट शोधली. सापडली नाही.

"आणि खरं सांगितलं तर?" त्याने विचारलं.

"तर वन्सं टाकी उचलतील आणि आणखी चार वर्षं गप्प. तुम्ही साठीला टेकाल आणि त्या पासष्टीला. मग बोलून करणार काय, गुडघ्यांची चौकशी?"

गुरुवारी सकाळी सात वाजता, दुकान उघडायच्या आधी, शिंप्याने बाह्या वर केल्या. नवी रोपं लावायची तर जुन्यांची मुळं काढावी लागणार होती. डावीकडच्या पहिल्या जागी त्याने खडीत चिमटा घातला आणि ओढलं. रोप आलं नाही. त्याने पुन्हा, जरा बेताने ओढलं. खालून कोणी धरून ठेवावं तसं ते राहिलं. खडीचे दोन खडे बाजूला झाले आणि तांदळाच्या दाण्याएवढं तपकिरी पान दिसलं. त्याने चिमटा काढून घेतला आणि काचेला बाहेरून टेप लावला. सहा मिलिमीटर.

त्याने बाकीच्या दहा जागा हात न घालता, काचेला नाक लावून तपासल्या. एकूण चार ठिकाणी पान होतं. सात ठिकाणी नव्हतं. सातांच्या जागी नवीन लावावीत आणि चार ठेवावीत, असा विचार त्याने केला. पण नवी आणि जुनी एका ओळीत शोभली नसती, आणि सात ठिकाणी खाली काय आहे ते उकरल्याशिवाय कळणार नव्हतं.

सात चाळीसला त्याने बहिणीला फोन लावला. चार वर्षांत त्याने आपणहून केलेला हा पहिला फोन होता.

"मासे मेले?" ती म्हणाली.

"नाही. सहा आहेत."

"मग?"

त्याने सांगितलं. आधी ओळ, मग उंची, मग टोकं, मग पानं. ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने. बायकोची बादली सोडून त्याने काही लपवलं नाही.

"कात्री कुठली?" बहिणीने विचारलं.

"रेशमाची."

"धुतलीस?"

"कापून झाल्यावर."

"आधी?"

त्याने टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं.

"पाण्याला वास येतोय?"

"नाही."

"रविवारी का नाही सांगितलंस?"

"तू झाडं आहेत का म्हणालीस. आहेत."

पलीकडे मांजर ओरडल्याचं ऐकू आलं. मग बहीण म्हणाली, "उद्या येते," आणि फोन ठेवला.

बायको दारात उभी होती. "काय म्हणाल्या?"

"उद्या येते."

"ते आधीच ठरलं होतं."

"हो," शिंपी म्हणाला.

दुपारी बायकोने बादली डॉक्टरकडे परत नेली. डॉक्टरने कुंड्या मोजून घेतल्या आणि काही विचारलं नाही.

शुक्रवारी चार चाळीसला बहीण आली. टाकी उचलायला जावई बरोबर होता. तो गाडीतून उतरला नाही. बहिणीने काठी टेबलाला टेकवली, चष्मा बदलला, पर्समधून भिंग काढलं आणि टाकीसमोर उभी राहिली. शिंप्याने स्टूल पुढे केलं. तिच्या गुडघ्याला ते बुटकं होतं. ती चौदा मिनिटं उभीच होती.

"हे मॉस कोणी बांधलं?"

"मी."

"दोरा?"

"सुती. रंग जुळवून घेतलाय."

"मॉसला रंग कळतो?"

"तुला कळला असता."

तिने भिंग डावीकडून उजवीकडे नेलं. "चार म्हणालास ना?"

"चार."

"पाच आहेत. आठवं बघ. मोठ्या खड्याच्या मागे."

शिंपी वाकला. दोघांची डोकी काचेपाशी एकमेकांना लागली. पाचवं पान होतं, आणि ते तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान होतं.

"आज नेता येणार नाही," बहीण सरळ होत म्हणाली. "हलवली तर ही पाचही जातील."

"म्हणजे माझ्याकडे ठेवतेस?"

"ठेवत नाही. हलवत नाही, एवढंच." मग ती भावजयीकडे वळली. "पाणी तू बदल. याचा हात आत जाता कामा नये. मी दर बुधवारी येऊन बघीन."

"वन्सं, चहा टाकते," भावजय म्हणाली.

"जावई बाहेर आहेत, नको."

"त्यांनाही आत बोलावते."

"नको," बहीण म्हणाली. "इथे टेप आहे."

पहिल्या बुधवारी ती साडेदहाला आली, घरातून उंच पायांची खुर्ची रिक्षात घालून. सहा रोपांना पानं होती. मागे फितीची तीन नवी पानं बुडातून वर निघाली होती. ती भावजयीशी पाऊण तास बोलली. भावाला एकच वाक्य म्हणाली, "बाजूला हो, उजेड अडतोय." बायकोच्या मते हे बोलणं धरायचं नव्हतं. शिंप्याने धरलं.

दुसऱ्या बुधवारी आठ रोपांना पानं होती. भावजय बाजारात गेली होती आणि पाणी बदलायचं राहिलं होतं. बहिणीने नळी टाकीत सोडली आणि दुसरं टोक मागे न बघता धरलं. "घे."

शिंप्याने घेतलं. बादली भरेपर्यंत त्याने ते नऊ मिनिटं धरून ठेवलं. एक थेंब बाहेर पडला नाही. त्या नऊ मिनिटांत बहिणीने त्याला दोन गोष्टी सांगितल्या: पोटरीला व्यायाम दिलाय, आणि मुलीच्या मांजराने पडदा फाडलाय. पडदा शिवून देतो, असं तो म्हणाला. "मोजमाप मी देईन," ती म्हणाली.

तिसऱ्या बुधवारी, म्हणजे आज, ती अकरा वाजता आली. नऊ रोपांना पानं आहेत. सर्वांत मोठं पान चार सेंटीमीटर एक मिलिमीटर आहे. दोन जागा, तिसरी आणि दहावी, अजून रिकाम्या आहेत. बहिणीने भिंगाने सगळं पाहिलं, खुर्चीवर बसली, चष्मा पुसला आणि भावाकडे बघून विचारलं, "तुझं काय मत? आता हलवता येईल?"

आतल्या मशीनचा आवाज बंद झाला.

शिंप्याला उत्तर माहीत होतं. सोमवारीच डॉक्टर म्हणाला होता की पान चार सेंटीमीटरचं झालं म्हणजे मुळांनी खडी धरली. पाणी निम्म्याहून जास्त उपसून, खडी न हलवता टाकी खुशाल न्यावी. टाकी गेली की बुधवारही जाणार होते, हे डॉक्टरने सांगितलं नव्हतं.

"दोन राहिलीत अजून," शिंपी म्हणाला.

"ती येणार नाहीत."

"कधी कधी उशिरा येतात."

"उपटलीस त्याला या शनिवारी सात आठवडे होतात."

"हो."

"मी तुला येतील का ते विचारलं नाही. हलवता येईल का ते विचारलं. तू रोज बघतोयस, मी आठवड्यातून एकदा बघते. तू म्हणशील तसं."

शिंप्याने टेबलावरची एक पँट जवळ ओढली आणि पायाची शिवण उलगडायला घेतली.

"जावई बाराला गाडी घेऊन येतायत," बहीण म्हणाली. "तोवर सांग."

अकरा पन्नासला पँटचा दुसरा पाय उलगडून झाला होता. बहीण खुर्चीवर बसली होती. शिंप्याने उत्तर दिलेलं नव्हतं.